वहीतली लिपी आणि शाळेतली लिपी

१९४८ साल उजाडले तेव्हा कल्याणपलीकडची लष्करी छावणी पुन्हा गजबजू लागली होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या आणि युद्ध सरताच ओस पडलेल्या तिथल्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरत होती. ६ जानेवारीला कराचीत दंगल उसळली आणि तोवर निघावे की राहावे अशा घालमेलीत असलेल्या हिंदूंनी बंदराची वाट धरली. बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने कल्याण. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे, मध्ये गोणपाटाचे नाहीतर जुन्या साडीचे आडोसे. पुढे बदलापूरकडून वाहत येणाऱ्या नदीचे नाव या वसाहतीला मिळाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले.

छप्पर, शिधा, पाणी हे प्रश्न होतेच. मुलांच्या शाळा भरू लागल्यावर त्यात आणखी एकाची भर पडली, आणि तो सिंधी समाजाला पुढे कित्येक वर्षे पुरला: मुलांना सिंधी लिहायला शिकवायचे ते कोणत्या लिपीत?

मराठी वाचकाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण कॅम्पातल्या एकाच बिऱ्हाडात तेव्हा तीन-चार लिप्या सहज नांदत. शाळेत शिकलेले लोक अरबी वळणाच्या लिपीत सिंधी वाचत. पेढीवर बसणाऱ्यांचे हिशेब हटवाणकी नावाच्या व्यापारी लिपीत असत. नानकपंथी घरांतल्या अनेक बायका गुरुबाणी वाचण्यापुरती गुरुमुखी शिकलेल्या. आणि ज्या मुलखात हे सगळे येऊन पडले तो देवनागरीचा. शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा शिलाहारकालीन लेख नागरी अक्षरांची तिथली मुळे किती खोल आहेत ते सांगतो.

हा गुंता फाळणीने निर्माण केलेला नव्हता. तो शंभर वर्षे आधी पडला होता, आणि तो सोडवण्याचा एक सरकारी प्रयत्न मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातल्या नारायण जगन्नाथ वैद्य या अधिकाऱ्याच्या हातून झाला होता.

दरबारात फारसी, पेढीवर हटवाणकी

फेब्रुवारी १८४३ मध्ये मियाणीच्या लढाईत चार्ल्स नेपियरने तालपूर मीरांचा पराभव केला आणि सिंध कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला गेला, तो थेट १ एप्रिल १९३६ पर्यंत. म्हणजे जवळजवळ ९० वर्षे पुणे, ठाणे आणि कराची यांचा कारभार एकाच सरकारच्या हाताखाली होता. सिंधी लिपीचा इतिहास मुंबईच्या इतिहासात गुंतला तो त्यामुळे.

मीरांच्या राज्यात सगळे सिंधी बोलत, पण कारभार फारसीत चाले. मीर मुसलमान असले तरी त्यांचे दफ्तर सांभाळणारे बरेचसे हिंदू होते. त्यांना आमिल म्हणत. फारसी उत्तम येणे ही आमिलांची पिढीजात दौलत होती. हिंदूंचा दुसरा मोठा वर्ग भाईबंदांचा, म्हणजे व्यापारी आणि सावकारांचा. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या कंदाहार आणि बुखाऱ्यापर्यंत वटत. सिंधमधल्या हैदराबादेचे ‘सिंधवर्की’ म्हणवणारे व्यापारी पुढच्या काळात कैरो, सिंगापूर, कोबे आणि पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनपर्यंत दुकाने थाटून बसले.

या व्यापाऱ्यांचे लिखाण फारसीत नसे. सिंध आणि पंजाबात लंडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिप्यांचे एक कूळ आहे. त्यातलीच ही हटवाणकी किंवा वाणिको. तीही एकसारखी नव्हती. खुदाबादी, शिकारपुरी, ठट्ट्याची, सेवहाणची अशी गावागणिक आणि जातीगणिक तिची वळणे बदलत.

या लिप्यांत व्यंजने लिहीत आणि स्वर बहुधा गाळत. मराठीत असे लिहायचे ठरवले तर ‘मल अल’ एवढीच अक्षरे वहीत उमटतील. वाचणाऱ्याने ते ‘माल आला’ असे वाचायचे की ‘मूल आले’ असे, हे संदर्भावरून ठरवायचे. पेढीवर बसलेल्या मुनीमाला त्यात अडचण नव्हती, कारण तिथे माल येतो, मूल येत नाही. हात भरभर चालतो, कागद कमी लागतो आणि परक्याला वहीतले काही कळत नाही, हा वर फायदा. पण या अक्षरांत गोष्ट लिहायची, कायदा लिहायचा किंवा लहान मुलाला वाचायला शिकवायचे म्हटले की सगळे अडते.

मुसलमान मौलवींनी धार्मिक ग्रंथ सिंधीत लिहिताना अरबी अक्षरे वापरली होती. शिकारपूरच्या सामी या वेदान्ती कवीचे श्लोक मात्र गुरुमुखीत लिहिलेले होते. थोडक्यात, सिंधीला साहित्य होते, लिहिणारे होते, पण सगळ्यांची अशी एक लिपी नव्हती.

स्टॅक विरुद्ध बर्टन

नव्या सरकारला कारभार लोकांच्या भाषेत चालवायचा होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी १८४८ मध्ये सिंधीला राज्यकारभाराची भाषा करण्याचा आग्रह धरला. आता लिपी ठरवणे भाग पडले, आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांनी दोन बाजू घेतल्या.

कॅप्टन जॉर्ज स्टॅक हा हैदराबादेचा डेप्युटी कलेक्टर. त्याने सिंधीचे व्याकरण आणि इंग्रजी-सिंधी कोश तयार केला. दोन्ही १८४९ साली मुंबईत छापले गेले, आणि दोन्हींत सिंधी शब्द देवनागरीत होते. सिंधी ही संस्कृतच्या वंशातली भाषा, तिचे ध्वनी नागरीत नीट बसतात, असे त्याचे म्हणणे. त्याने व्यापारी लिप्यांचाही कसून अभ्यास केला होता, पण स्वरांवाचून त्या शाळेच्या उपयोगाच्या नाहीत हे त्याला दिसत होते.

दुसऱ्या बाजूला रिचर्ड बर्टन. पुढे अरेबियन नाइट्सच्या इंग्रजी भाषांतराने जगभर गाजलेला हा गृहस्थ तेव्हा सिंधच्या सर्वेक्षण खात्यात होता. सिंधची बहुसंख्य प्रजा मुसलमान आहे, अरबी अक्षरे तिच्या परिचयाची आहेत आणि दफ्तरात काम करणाऱ्या हिंदूंनाही फारसीमुळे ती येतात, असा त्याचा युक्तिवाद. त्याला व्यवहाराचा आधार होता: जे लोक सरकारी नोकरीत येणार, त्यांना कोणती अक्षरे आधीपासून येतात?

लंडनला कंपनीच्या संचालकांनी अरबी लिपीच्या बाजूने कौल दिला. सिंधचा कमिशनर होता बार्टल फ्रिअर, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला आणि किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळे करणारा. त्याने लिपी ठरवण्यासाठी आपला सहायक बॅरो एलिस याच्या देखरेखीखाली हिंदू आणि मुसलमान जाणकारांची समिती नेमली. अहमदाबादच्या एलिस ब्रिजला ज्याचे नाव आहे तो हाच एलिस. १८५३ साली समितीने ५२ अक्षरांची अरबी-सिंधी लिपी मुक्रर केली.

समितीपुढचे अवघड काम एका उदाहरणाने कळेल. सिंधीत चार ध्वनी असे आहेत की जे मराठीत नाहीत. आपला ‘ब’ म्हणताना श्वास बाहेर पडतो. सिंधीतला दुसरा ‘ब’ म्हणताना ओठ मिटून हवा किंचित आत ओढली जाते. देवनागरीत आज तो ‘ॿ’ असा लिहितात. फरक कानाला बारीक वाटतो, पण अर्थ पार बदलतो. ‘ॿार’ म्हणजे मूल आणि ‘बार’ म्हणजे ओझे. तसेच ग, ज आणि ड यांचे जोडीदार: ‘ॻोठु’ म्हणजे गाव, ‘ॼिभ’ म्हणजे जीभ, ‘ॾींहुं’ म्हणजे दिवस. अरबी आणि फारसीत हे ध्वनी नाहीत, महाप्राण व्यंजनेही नाहीत. समितीने जुन्याच अक्षरांवर नुक्ते वाढवून नवी अक्षरे घडवली. उलट अरबी शब्दांचे मूळ लेखन सांभाळायचे म्हणून ‘स’ या एका ध्वनीला तीन आणि ‘झ’ला चार अक्षरे ठेवली. बोजा वाढला, पण भाषेतला एकही ध्वनी लिहायचा राहिला नाही. पाठ्यपुस्तके निघाली, शाळा निघाल्या, कचेऱ्यांत सिंधी आली.

१८६८: व्यापारी लिपीला मात्रा

पण व्यापाऱ्यांची मुले या शाळांकडे फिरकेनात. त्यांना कारकुनी करायची नव्हती. वडिलांच्या पेढीवर ज्या लिपीत वह्या होत्या, ती त्यांना हवी होती; आणि ती तर सरकारी शाळेत शिकवली जात नव्हती.

यावर तोडगा म्हणून मुंबई सरकारने १८६८ साली व्यापारी लिपी सुधारण्याचे काम नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे सोपवले. वैद्य सिंधचे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. कराचीतली १८५५ साली स्थापन झालेली, सिंधमधली पहिली सरकारी शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पूर्वीच्या बंदर रोडवरची ही एन.जे.व्ही. शाळा आजही उभी आहे.

वैद्यांनी नवी लिपी शून्यातून काढली नाही. हैदराबादच्या परिसरात चालणारी खुदाबादी त्यांनी आधाराला घेतली. वेगवेगळ्या वळणांतून एकेका अक्षराचे एकच रूप पक्के केले आणि १० स्वरांची सोय करून तिची मोठी उणीव भरून काढली. वहीतल्या लिपीला मात्रा मिळाल्या. या प्रमाण लिपीला ‘हिंदू सिंधी’ असे नाव पडले. ती छापली गेली, तिच्यात शाळेची पुस्तके निघाली.

मुंबईच्या शिक्षणखात्याला ही कल्पना सुचली याचे मराठी माणसाला नवल वाटायला नको. याच खात्याच्या मराठी शाळांत तेव्हा दोन लिप्या चालत: छापील पुस्तकाची बाळबोध आणि दफ्तराची मोडी. हाताने भरभर लिहायची, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर न करणारी मोडी पोटापाण्याला लागते म्हणून ती मुलांना शिकवायची, हे इथे गृहीत धरले होते. सिंधमध्ये हटवाणकीची जागा साधारण तीच होती. फरक एवढाच की मोडीमागे कित्येक शतकांचे राजदरबारी दफ्तर उभे होते आणि हटवाणकीमागे फक्त पेढी.

चांगली लिपी, पण कोणासाठी?

सुधारलेली खुदाबादी काही दशके शाळांत शिकवली गेली, पण तिने मूळ धरले नाही. एकेक करून तिचे वर्ग मिटले. यात लिपीचा दोष काढता येत नाही. स्वर, व्यंजने, ते चार खास ध्वनी, सगळे तिच्यात होते, आणि ती परदेशातून आणलेली नव्हती, मातीतली होती. मग तिला माणसे का मिळाली नाहीत?

व्यापाऱ्याला सुधारणा नको होती. मुलगा पेढीवर बसून मुनीमाच्या हाताखाली चार महिन्यांत वही लिहायला शिके. मात्रा घातल्याने त्याचा हात मंदावणार, आणि ज्याला वाचू द्यायचे नाही त्यालाही वही वाचता येणार. शाळेने लिपी शुद्ध केली, पण शुद्धीची गरज पेढीला नव्हती.

नोकरीची वाट तर वेगळीच होती. कोर्ट, महसूल, पोलीस, शिक्षण, सगळीकडे अरबी-सिंधी. सरकारने एका हाताने हिंदू सिंधीची शाळा उघडली आणि दुसऱ्या हाताने नोकरीचा दरवाजा अरबी-सिंधीला उघडा ठेवला. पालकांनी मुलाला दुसऱ्या दरवाजाने आत घातले.

तिसरे कारण सर्वांत मोठे. शिकलेले हिंदू म्हणजे मुख्यतः आमिल. फारसीची सवय असल्याने त्यांना अरबी-सिंधी परकी वाटलीच नाही. दयाराम गिदुमल, कौडोमल खिलनाणी, जेठमल परसराम, भेरूमल महिरचंद अशा हिंदू लेखकांनी मिर्झा कलीच बेग यांच्यासारख्या मुसलमान लेखकांच्या बरोबरीने याच लिपीत आधुनिक सिंधी गद्य घडवले. शाह अब्दुल लतीफांचा ‘रिसालो’ हिंदू-मुसलमान दोघेही याच अक्षरांत वाचू लागले. वर्तमानपत्रे, कादंबऱ्या, नाटके, सारा वाचनाचा संसार एका लिपीत उभा राहिला. खुदाबादीत पाठ्यपुस्तके होती, पण शाळा सोडल्यावर वाचण्याजोगे फारसे काही नव्हते.

१९४७ पर्यंत चित्र असे झाले की जिला साहेबांची लिपी म्हणावे तीच सिंधी हिंदूंच्याही साहित्याची लिपी झाली होती, आणि घरची म्हणावी ती लाल कापडात बांधलेल्या वह्यांपुरती उरली होती.

कॅम्पातला वाद

फाळणीनंतर सिंधमधून भारतात आलेल्या हिंदूंची संख्या सुमारे १२ लाख धरली जाते. पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले तरी भारतात पंजाबी आणि बंगाली मुलूख उरला. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी माणूस उल्हासनगर, अहमदाबाद, अजमेर, इंदूर, जयपूर असा विखुरला. कुठलेच राज्य त्याच्या भाषेचे नव्हते. अशा वेळी लिपीचा प्रश्न नुसता शिक्षणाचा राहत नाही; आपण कोण आणि आता इथे कसे राहायचे, हा प्रश्न त्याला येऊन चिकटतो.

देवनागरीच्या बाजूने जयरामदास दौलतराम यांच्यासारखे वजनदार नेते होते. ते जुने काँग्रेस पुढारी, केंद्रात अन्नमंत्री आणि नंतर आसामचे राज्यपाल झालेले. त्यांच्या बाजूचे म्हणणे सरळ होते. मुलांना हिंदी शिकायची आहे, महाराष्ट्रात मराठी शिकायची आहे. तीच अक्षरे सिंधीला वापरली तर एक ओझे कमी होईल. अरबी लिपी धरून बसलो तर नव्या देशात आपण परके दिसू. आणि स्टॅकने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेच होते की सिंधी नागरीत उत्तम लिहिता येते.

विरोधात उभे राहिले ते बरेचसे साहित्यिक. मुंबईतले गोबिंद माल्ही, कीरत बाबाणी, ए. जे. उत्तम ही पुरोगामी मंडळी त्यांत आघाडीवर होती. त्यांचा सवालही सरळ होता. घर गेले, जमीन गेली, आता शंभर वर्षांचे छापील वाङ्मयही टाकून द्यायचे? नवी पिढी लतीफ आणि सचल हे कवी मूळ अक्षरांत वाचू शकणार नाही. सिंधमध्ये राहिलेल्या लेखकांशी असलेला धागाही तुटेल. आणि देवनागरीत शिकवायला पुस्तके कुठे आहेत, शिक्षक कुठे आहेत?

केंद्र सरकारने १९५० साली सिंधीसाठी देवनागरी ठरवली. ओरड झाली. १९५१ च्या जानेवारीत निर्णय बदलला: दोन्ही लिप्या चालतील, ज्याने त्याने निवडावे. भांडण मिटवण्याचा हा समंजस मार्ग होता, पण त्यामुळे ते मिटले नाही. शाळाशाळांत वाटले गेले. उल्हासनगरात बराकींच्या जागी चाळी आणि इमारती आल्या, फर्निचरचे आणि कापडाचे बाजार वाढले, आणि त्याच गावात सिंधीची दोन पाठ्यपुस्तके चालू राहिली, भाषा एक आणि अक्षरे दोन.

या सगळ्या चर्चेत खुदाबादीचे नाव जवळपास कुठेच नाही. जी लिपी कोणाचीही उसनी नव्हती, तिच्या बाजूने बोलायला ना नेता होता, ना लेखक. व्यापाऱ्यांनी नव्या मुलखात हिशेब हळूहळू हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत ठेवायला सुरुवात केली. जुन्या वह्या वाचणारे मुनीम म्हातारे झाले.

त्याच वर्षी, आफ्रिकेत

उल्हासनगरला नाव मिळाले त्याच वर्षी, १४ एप्रिल १९४९ रोजी, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये सोलोमाना कांटे या गिनीच्या माणसाने स्वतः घडवलेली एक लिपी पक्की केली. तिचे नाव न्को. माली, गिनी आणि आयव्हरी कोस्ट भागांत बोलल्या जाणाऱ्या मांडिंग भाषांसाठी ती होती.

कांटेचा प्रवास सिंधी समितीच्या कोड्याची आठवण करून देतो. आफ्रिकी भाषा लिहिण्याजोग्या नाहीत, असे एका लेबनानी पत्रकाराचे विधान १९४४ मध्ये त्याच्या वाचनात आले आणि तो पेटला. आधी त्याने अरबी अक्षरे वापरून पाहिली, मग रोमन. पण मांडिंग भाषांत स्वराची उंची बदलली की अर्थ बदलतो, आणि ते दोन्ही लिप्यांत नीट बसेना. शेवटी त्याने स्वतःची अक्षरे घडवली, उजवीकडून डावीकडे लिहायची, स्वराच्या उंचीसाठी वर खुणा असलेली.

तोवर गोष्ट सारखीच आहे. वेगळेपण पुढे आहे. कांटे हा कोला नावाच्या फळाचा व्यापार करत असे. त्याच्यामागे फ्रेंच सरकार नव्हते, शिक्षणखाते नव्हते. त्याने व्याकरण, औषधी वनस्पती, इतिहास, धर्म अशा विषयांवर शंभरावर पुस्तके हाताने लिहिली; शिष्यांनी त्यांच्या नकला केल्या आणि बाजाराच्या वाटांवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्या गावोगाव नेल्या. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून वाचायला काहीतरी मिळाले, आणि ते त्याच्या उपयोगाचे होते. सिंधमध्ये व्यापाऱ्यांची लिपी सरकारने उचलून शाळेत नेली आणि ती तिथे सुकली. मांडिंग मुलखात व्यापाऱ्यांनी नवी लिपी उचलून बाजारात नेली आणि ती रुजली. आजही न्कोत वर्तमानपत्रे आणि पुस्तके निघतात.

हिशेब

सिंधीला भारतात मान मिळायला वेळ लागला, पण मिळाला. साहित्य अकादमीने १९५७ साली तिला मान्यता दिली. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती आठव्या परिशिष्टात आली. हा दिवस उल्हासनगरसह सगळीकडे सिंधी भाषा दिन म्हणून पाळला जातो. परिशिष्टात लिपीचा उल्लेख नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उमेदवाराला आजही अरबी किंवा देवनागरी, हवी ती निवडता येते. नोटेवर मात्र १५ भाषांची जी पट्टी असते तिच्यात सिंधी नाही, कुठल्याच लिपीत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सिंधी मातृभाषा सांगणारे २७ लाख ७२ हजारांवर होते. आकडा लहान नाही. पण मातृभाषा सांगणे आणि तिच्यात वाचणे यांत अंतर पडले आहे. लेखकाने अरबी-सिंधीत पुस्तक लिहिले तर तरुण वाचक तुटतो. देवनागरीत लिहिले तर ज्येष्ठ वाचक आणि सीमेपलीकडचा वाचक तुटतो. आधीच विखुरलेल्या समाजाचा वाचकवर्ग असा पुन्हा दुभंगला. नव्या पिढीने तर तिसरीच वाट काढली. ती मोबाइलवर रोमन अक्षरांत सिंधी लिहिते.

सगळे खापर लिपीवर फोडणे मात्र चुकीचे ठरेल. सिंधी माध्यमाच्या शाळा रोडावल्या त्या मुख्यतः पालक इंग्रजीकडे वळले म्हणून, आणि ते मराठीच्याही बाबतीत आपण रोज पाहतो. ज्या भाषेला राज्य नाही, सरकारी कचेरी नाही, तिला हा धक्का जास्त जोरात बसला इतकेच.

संगणकाच्या जगात या जुन्या गोष्टीला एक योगायोगाची पुरवणी लागली. जगातल्या लिप्यांना संगणकावर क्रमांक देणाऱ्या युनिकोड मानकाची पाचवी आवृत्ती २००६ साली निघाली. तिच्यात देवनागरीतली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही सिंधी अक्षरे आणि पश्चिम आफ्रिकेची न्को एकत्र दाखल झाली. २०१४ च्या सातव्या आवृत्तीत खुदाबादी आली आणि तिच्याच बरोबर आपली मोडी. दोन्हींचे प्रस्ताव अंशुमन पांडे या एकाच अभ्यासकाने मांडले होते. वैद्यांच्या काळात शिक्षणखात्याच्या दोन टोकांना असलेल्या त्या दोन हातलिप्या १४६ वर्षांनी एकाच यादीत बसल्या. खुदाबादीचा फाँट आज फुकट उतरवून घेता येतो.

फाँट आला म्हणून लिपी परत येत नाही, हे मोडीच्या उदाहरणावरून आपल्याला ठाऊक आहे. पण मोडीच्या वर्गांना माणसे येतात, कारण वाचायला कोट्यवधी कागद दफ्तरखान्यांत पडून आहेत आणि ज्याला ती येते त्याला काम मिळते. १८५३चा एलिस, १८६८चे वैद्य आणि १९५०चे केंद्र सरकार या तिघांनीही अक्षरांवर मेहनत घेतली, आणि तिघांपैकी यश एलिसच्या लिपीला आले. ती सर्वांत सुटसुटीत होती म्हणून नव्हे, तर तिच्यामागे आधी नोकरी आणि मग लेखक उभे राहिले म्हणून. उल्हासनगरात आज सिंधी वाचवू पाहणाऱ्यांनी देवनागरी घ्यावी, अरबी घ्यावी की रोमन, यावर आणखी ७० वर्षे भांडता येईल. त्यांतल्या कुठल्याही एका लिपीत दहा वर्षांच्या मुलाला आवडीने वाचावेसे वाटेल असे पुस्तक दर महिन्याला निघाले, तर वादाचा निकाल ते मूलच लावेल.